पाणी खारट निघालं

तिसऱ्या सिलिंडरचा इंजेक्टर काढून मी फ्लायव्हील हाताने फिरवलं, तर भोकातून पाण्याची पिचकारी उडाली. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला.

बोट घिवलीच्या काशिनाथदादा तांडेलांची. पहाटे स्टार्टर मारला तर आतून थाडकन आवाज झाला आणि इंजिन जाम. पावसाळी मासेमारीबंदी नुकतीच उठलेली, सहा खलाशी हात बांधून बसलेले. दादांना घाई. नवा पिस्टन घाला नि मोकळं करा, म्हणत होते. मी म्हटलं, आधी का मेलं ते कळू दे. कारण न शोधता बांधलेलं इंजिन त्याच कारणाने पुन्हा मरतं.

सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते, पाणी नाही. पिस्टन वर येतो, पाणी जागचं हटत नाही, मग पिस्टनचा रॉड वाकतो. पाणी यायच्या वाटा दोन. एक हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचं डोकं आणि धड यांच्यामधली पातळ पट्टी. ती फाटली की इंजिन गार ठेवणारं गोडं पाणी आत शिरतं. दुसरी वाट धुराच्या एक्झॉस्ट पाइपची. तिथून शिरतो तो समुद्र.

आणि हे हेड गॅस्केट मार्चमध्ये विलासने बदललं होतं.

विलास आधी बोईसरच्या एका कंपनीत मेंटेनन्सला होता. आता सरावलीत त्याचं वर्कशॉप आहे. ग्लोव्हज घालतो, नट मोजून आवळणारा टॉर्क रेंच वापरतो, कामाचे फोटो मोबाइलवर पाठवतो. माझ्या जुन्या गिऱ्हाइकांनी ते फोटो मलाच दाखवावेत? मी "छान" म्हणायचो आणि आतून जळायचो. तीस वर्षं डिझेलात हात घातलेत मी. हात न माखता इंजिन चालू करणारा माणूस मला बघवत नव्हता.

"विलासनी कायतरी घोळ केला काय?" दादांनी विचारलं.

"बघू," मी म्हटलं. पण सूर असा लावला की त्यांना होच ऐकू यावं.

मग त्या पाण्यात हाताचं बोट भिजवून जिभेला लावलं. खारट. थुंकलो, चूळ भरली, पुन्हा लावलं. खारटच.

एक्झॉस्ट पाइप मी बसवलेला. तो आधी उंच चढवून मग मागे उतरवायचा असतो, म्हणजे लाट उलटी चढत नाही. केबिनखाली जागा नव्हती म्हणून मी सरळच नेला होता. चालतंय की, असं म्हणून. तीन वर्षं चाललंही. या उन्हाळ्यात दादांनी मागे बर्फाची मोठी पेटी बसवली, बोट मागून दबली आणि पाइपचं तोंड पाण्याला टेकलं.

मार्चमध्येच विलास मला चहाच्या टपरीवर म्हणाला होता, "काका, त्या पाइपला बाक हवा. बोट जरा दबली तर पाणी येईल." मी चारचौघांत त्याला सुनावलं की तुझ्या जन्माआधीपासून मी पाइप टाकतोय.

आता हेड खोलून, गॅस्केट जरा फाडून दादांच्या हातात ठेवलं असतं तर कोण बघायला येणार होतं? विलासचं घिवलीतलं नाव एका दिवसात गेलं असतं. स्क्रू ड्रायव्हर हातात होता. पण मग पाइप तसाच राहिला असता, आणि पुढच्या वेळी ही सहा माणसं भर समुद्रात असती.

"दादा, पाणी समुद्राचं आहे. पाइप माझा. विलासचं काम ठीक आहे."

दादांनी माझ्यासमोरच विलासला फोन लावला.

तो तासाभरात आला. पाइप बघितला, 'मी सांगितलं होतं' असं एका शब्दानेही म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. उलट विचारलं, "काका, बाक केवढा ठेवू?" मी हाताने उंची दाखवली. त्याने तेवढाच ठेवला.

रॉड बदलला, चौथ्या दिवशी बोट मासेमारीला गेली. दादांचं इंजिन आता विलासच बघतो. त्याचे फोटो अजून येतात, पोटात अजून दुखतं.

इंजिन अचानक मेलं तर पाना उचलण्याआधी कारण शोधावं. आणि पाण्याची चव घेण्याआधी ती कशी लागावी, हे मनात ठरवू नये.