मुक्या इंजिनाची मोटार

रत्नागिरीत पहिली मोटार कुणी आणली याबद्दल वाद असेल; पण चालत्या मोटारीत उघड्या डोळ्यांनी स्वप्नं पाहणारा पहिला माणूस म्हणजे आमचे आतोबा, याबद्दल दुमत व्हायचं कारण नाही. आगबोटीचे उतारू बंदरावरून उचलून राजापूरच्या वाटेवरच्या गावांत सोडणारी त्यांची सर्विस मोटार होती. ती हाकताना ते रस्त्याकडे कमी आणि कातळाच्या सड्यापलीकडच्या समुद्राकडे जास्त बघत. समोरून बैलगाडी आली की बैलांनासुद्धा टोपी काढून नमस्कार करीत. कुठलीही वस्तू घेताना ‘उपयोग काय’ हा प्रश्न त्यांना सुचतच नसे; तिचा मान किती, एवढंच ते पाहत. चांदीच्या मुठीची एक छत्री त्यांनी लिलावात घेतली होती. काड्या सगळ्या मोडक्या. आतोबा तिच्याखालून चिंब भिजून घरी येत, आत्या पंचा घेऊन पुढे होई, आणि हे म्हणत, “अगो, भिजलो ते राहूदे, मूठ बघ!”

अशा माणसाच्या मोटारीचं इंजिन एका चैत्रात कायमचं बसलं. मी तेव्हा शाळामास्तर, आत्याच्या लांबच्या नात्यातला, राहायला त्यांच्याकडेच, त्यामुळे पुढचं सगळं जवळून पाहिलं. मिस्त्रीने दोन इंजिनं सुचवली. एक जुन्या लॉरीचं. दांडगं, धडधडणारं, स्वस्त. दुसरं घाटावरच्या कुणा राजेसाहेबांच्या, पुलावरून कोसळलेल्या मोटारीचं. किंमत दुप्पट, पण चालू असताना वर पेला ठेवला तर पाणी हलायचं नाही. आतोबा झोपाळ्यावर बसून दोन्ही तळवे तराजूसारखे वरखाली करू लागले. जेवतानाही त्यांचा डावा हात अधूनमधून वर जाई. आत्याचं मत स्वच्छ होतं. “लॉरीचं घ्या. राजाच्या इंजिनाने पोट भरायचंय का?” आतोबा म्हणाले, “पोटाचं कुणी विचारत नाही गो. दारात कसे उतरलो ते बघतात.”

दार कुठलं, ते आम्हाला ठाऊक होतं. मागे आत्याला माहेरी नेताना अगदी तिच्या भावाच्या घरापुढच्या चढावर मोटार बंद पडली होती. माहेरच्या माणसांनी ढकलत वर नेली, आणि भाऊ हसत म्हणाला, “मेव्हणे, बैलगाडी बरी होती हो!” तेव्हापासून आत्याने माहेरचं नाव काढलं नव्हतं. आतोबांना ते फार लागलं होतं. शेवटी हापूसच्या कलमांचं पुढचं उत्पन्न आधीच देऊन टाकून त्यांनी राजेसाहेबांचं इंजिन बसवलं. वर भोंगाही काढून टाकला, कारण राजाची गाडी बोंबलत जात नाही म्हणे.

आणि धंदा बसला. आमच्याकडे मोटारीला वेळ नव्हती, आवाज होता. पलीकडच्या घाटीत तो घुमला की माणसं गाठोडी बांधायची, चहाचा शेवटचा घोट घ्यायची आणि पाखाडीच्या दगडी पायऱ्या उतरून रस्त्याला यायची. आता आतोबा रिकाम्या रस्त्यावर थांबत, जरा वाट पाहत आणि रिकामेच पुढे जात. एका म्हातारीने त्यांना बंदरावर धरून झापलं, “भुताची गाडी ती तुमची! कधी आली, कधी गेली, कळलां पण नाय!”

“रिकामीच जाते, तर तूच चल,” आतोबा एका सकाळी आत्याला म्हणाले. ती ठेवणीतलं लुगडं नेसून पुढे बसली, मी मागे. तसा प्रवास मी पुन्हा केला नाही. पिकल्या काजूबोंडांचा वास येत होता, होला पक्ष्याचं घुमणं चाकांच्या आवाजातूनही ऐकू येत होतं, आणि आपण जात नसून डोंगरच मागे सरकताहेत असं वाटत होतं. चढ आला आणि गेला, समजलंसुद्धा नाही. मोटार भावाच्या अंगणाशी उभी राहिली.

कुणीच बाहेर आलं नाही. आत भांडी वाजत होती, भाऊ खाकरत होता. आतोबांचा हात भोंग्याच्या रिकाम्या जागेवर गेला आणि तिथेच राहिला. त्यांचं तोंड एवढंसं झालेलं मला बघवेना.

आत्याने हलकेच त्यांचा हात खाली घेतला. “असू दे हो. मारते मी हाक. पण बसू थोडा वेळ.” मग रस्त्याकडे बघत म्हणाली, “येताना फार बरं वाटलं मला.” कितीतरी वेळ ती दोघं तशीच शेजारी बसून राहिली.

परतताना तीच म्हणाली, “आता विका हे.” आतोबांनी विकलं. लॉरीचं इंजिन आलं, धडधडलं, माणसं पुन्हा पाखाड्या उतरू लागली. राजेसाहेबांचं इंजिन भाताच्या एका गिरणीने नेलं.

आत्या गेली त्यानंतर आतोबा दुपारी दिसेनासे झाले. शोधत गेलो तर गिरणीबाहेरच्या दगडावर टोपी मांडीवर घेऊन बसलेले. आत भरडण्याचा एवढा गलका की आपलंच बोलणं आपल्याला कळू नये. “इथं काय ऐकता?” मी कानाशी ओरडलो. त्यांनी बाजूला सरकून मला जागा करून दिली.

“ऐकू कुठे येतंय!” ते म्हणाले. “पण चालू आहे.”