चालत गेलेलं घर

एदुविना रेमोल्कोय आयुष्यात पुएर्तो मोन्त बंदराच्या पुढे गेली नव्हती. तरी त्या सोमवारी जमिनीच्या कचेरीतल्या संगणकानं सांगितलं, की तिचं घर गेली आठ वर्षं अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या कुठल्याशा जंगलात उभं आहे.

"बाई, तुम्ही तिकडे राहत होता का?" रेनातोनं विचारलं. राजधानीतून, सांतियागोहून बदलून आलेला हा तिशीतला नकाशेवाला. शर्ट इस्त्रीचा, बूट शहरातले.

"मी? मला फेरीबोटीतसुद्धा मळमळतं, साहेब."

ती आली होती टेकडीच्या कागदासाठी. लेमुइ बेटावरची ती टेकडी तिच्या नवऱ्याच्या, रुपेर्तोच्या चुलत्याची. चुलता कागद न करताच मेला. एदुविनानं तिथं बटाटे लावले, कुंपण घातलं, तिथंच राहिली. आता त्या चुलत्याचा नातू सांतियागोहून येऊन दोनदा टेकडी पावलांनी मोजून गेला होता, तिला साधा नमस्कारही न करता. सलग पाच वर्षं तिथं राहिल्याचा पुरावा दिला तर जमीन तिच्या नावावर होणार होती. नाही दिला, तर साठाव्या वर्षी चूल कुठं मांडायची हा प्रश्न होता.

पुरावा म्हणजे आठ फोटो. रुपेर्तो मेंढ्यांची लोकर कातरायला दक्षिणेला जायचा, तेव्हा पुन्ता अरेनासहून त्यानं एक स्वस्तातला कॅमेरा आणला. फोटो काढला तो पृथ्वीच्या पाठीवर नेमका कुठं, हेही म्हणे तो आत लिहून ठेवायचा. दर हिवाळ्यात सान हुआनच्या सणाला घराच्या दारात उभं राहून फोटो काढायचा, हा रुपेर्तोचा नेम. त्याच्या वाट्याला तो नेम एकदाच आला. त्याच हिवाळ्यात छातीच्या दुखण्यानं तो गेला, आणि नेम मागं एदुविनाकडं राहिला.

रेनातो तासभर पडद्यात डोकं घालून बसला. मग हसला. "सापडलं! जागा विषुववृत्ताच्या उत्तरेची की दक्षिणेची, हे सगळे कॅमेरे एका ठराविक रकान्यात लिहितात. तुमच्या कॅमेऱ्यानं ते स्वतःच्या खाजगी टिपणांत लिहिलंय. आमचा प्रोग्राम नेहमीच्या रकान्यात बघतो, काही सापडत नाही, मग उत्तरच धरून चालतो."

"रुपेर्तो असाच होता," एदुविना म्हणाली. "मोजे पिठाच्या पिंपात ठेवायचा. मी घरभर शोधायची."

रेनातोनं आठही फोटोंना दक्षिण दिली. सगळे फोटो एका झटक्यात न्यूयॉर्कहून लेमुइवर आले. एदुविनाला हायसं वाटलं. पण रेनातोच्या कपाळावर पुन्हा आठी पडली. पहिले दोन फोटो किनाऱ्यावर पडले होते, पुढचे सहा तिथून चारशे मीटर वर, टेकडीवर.

"बाई, हे सगळे एकाच घराचे ना?"

"एकाच."

"मध्ये घर पाडून नवं बांधलं का?"

"छे! रुपेर्तोनं बांधलेलंच आहे. खिळाही तोच."

रेनातोनं फोटो शेजारीशेजारी लावले. तोच निळा दरवाजा, तीच वाकडी खिडकी, माशाच्या खवल्यांसारख्या लाकडी फळ्यांच्या तशाच भिंती. ज्या कॅमेऱ्याला उत्तर-दक्षिण धड लिहिता येत नाही, त्याचं चारशे मीटरचं काय घेऊन बसायचं, असं त्यानं ठरवलं. पहिल्या फोटोची जागा त्यानं आठही फोटोंना दिली आणि शिक्का मारला. त्याच्या शिक्षणात काही कमी नव्हतं. फक्त सांतियागोत घरं जागची हलत नाहीत.

तीन आठवड्यांनी तो पाहणीला आला. नकाशात घर होतं तिथं जाऊन उभा राहिला. समोर गोटे, शिंपले आणि वर चढणारी भरती. पाणी बुटात शिरलं. त्यानं हातातलं यंत्र झटकलं, बंद केलं, पुन्हा चालू केलं. यंत्र म्हणालं, अगदी बरोबर उभा आहेस.

"अरे साहेब!" वरून हाक आली. एदुविना कमरेवर हात ठेवून उभी होती. "तिथं काय करताय? माझं घर इकडंय!"

"कागदावर घर इथंय, बाई!"

"मग कागदालाच पोहायला शिकवा!"

परका माणूस बूट घालून समुद्रात उभा, ही बातमी लेमुइवर दडून राहत नाही. रेनातो धापा टाकत वर पोचेपर्यंत सात-आठ शेजारी जमले होते. पुढं हेरिबेर्तो बार्रिया. बेटावरची सगळ्यात मोठी बैलजोडी त्याची, आणि आवाजही.

"ही हद्द तुमची कशी?" रेनातो वैतागला होता. "तुम्हीच सांगितलंत, एकच घर, कधी नवं बांधलं नाही. मग किनाऱ्यावरच्या पहिल्या फोटोंचं काय?"

"तेव्हा ते खाली होतं," एदुविना म्हणाली.

"आणि आता?"

"आता वर आहे. तुम्हाला दिसत नाही का?"

रेनातोनं घराकडं बघितलं, मग हातातल्या यंत्राकडं. एदुविनाला त्याच्याहून जास्त कोडं पडलं होतं. एवढा शिकलेला माणूस, आणि एवढं कसं कळत नाही?

"हे घर खालून वर येताना बघितलेला कोणी साक्षीदार?" त्यानं शेवटी विचारलं.

"बघितलेला?" हेरिबेर्तो हसायला लागला. "साहेब, आम्ही ओढलंय ते! रुपेर्तो गेला त्याच्या पुढच्याच हिवाळ्यात समुद्र उंबऱ्याला लागला. मग उन्हाळ्यात या मावशीनं गावाला हाक दिली. खाली ओंडके घातले, बारा बैलजोड्या लावल्या, दोन दिवस ओढलं. पडदेसुद्धा काढले नव्हते. तिनं सगळ्यांना मटण, बटाटे आणि सफरचंदाची दारू, चिचा दिली. माझा एक बैल अजून लंगडतो."

"बैल आधीपासूनच लंगडा होता," एदुविना म्हणाली.

तिनं रेनातोला कोपऱ्याचा खांब दाखवला. दोरखंडानं लाकडात बोटभर खोल खाच पाडली होती. मग आत नेऊन टेबलावरचं एक सफरचंद जमिनीवर सोडलं. ते घरंगळत चुलीपाशी गेलं. "खाली होतो तेव्हा दाराकडं जायचं," ती म्हणाली.

रेनातो ओले बूट काढून चुलीजवळ बसला. त्यानं संगणक उघडला. "म्हणजे कॅमेरा खरं बोलत होता," तो हळूच म्हणाला. "मीच त्याला खोटं पाडलं."

"खा आधी," म्हणत एदुविनानं मिलकाओ, किसलेल्या बटाट्याची गरम भाकरी, त्याच्यापुढं ठेवली. आता तो साहेब उरला नव्हता.

आठ जणांच्या साक्षी लिहून झाल्या. सह्या, अंगठे झाले. रेनातोनं आठही फोटो एकदम निवडले. "हे सगळे उचलून टेकडीवर ठेवतो, मावशी. आठही इथले दिसले तर त्या नातवाला तोंड उघडायला जागाच राहणार नाही."

"थांब!" एदुविना एवढ्या जोरानं ओरडली, की त्याचा हात मागं आला. "पहिले दोन खालीच राहू देत."

"अहो, पण यात तुमचाच फायदा आहे."

"सहा पुरतात ना?"

"पुरतात. पण—"

तिनं पहिल्या फोटोवर बोट ठेवलं. निळ्या दारात रुपेर्तो उभा होता, तोंडभर हसत, एका पायात मोजा नसलेला. बाजूला पाणी चमकत होतं.

"हा माणूस या टेकडीवर कधी आलाच नाही, बाळा," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ते तिनं लपवले नाहीत. "घर ओढताना दोन्ही दिवस मी मागं वळून बघत होते. कागद मला पाहिजेच. पण तो खालीच राहिला, तेही तसंच लिही."

हेरिबेर्तोनं टोपी काढून हातात धरली.

रेनातोनं पहिले दोन फोटो होते तिथंच सोडले. बाकीचे सहा त्यानं एकेक करून वर आणले, प्रत्येक वेळी तिला विचारून.