शैलावन्संच्या कॅमेऱ्यातला डाग

वन्सं गेल्याचा फोन आला तेव्हा सकाळचा चहासुद्धा झाला नव्हता. महिना उलटला. भेटायला येणारा प्रत्येक जण 'वय झालं होतं' म्हणतो आणि मी दात-ओठ खात त्याला चहा देते. वय! शैलावन्सं, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई, दोन वर्षांपूर्वीपर्यंत धायरीतल्या घराचे तीन मजले भाजीची पिशवी घेऊन चढत होत्या. घरामागची टेकडी फोडायला लागले आणि त्यांना दमा जडला. त्या दम्याने गेल्या. हे सभ्यपणे लिहायचं ठरवलं होतं... जमणार नाही.

बिल्डरने म्हणे सगळ्या परवानग्या घेतल्या होत्या. फक्त धूळ उडू नये म्हणून पाणी मारायचं आणि पडदे लावायचे, तेवढं राहून गेलं होतं! वन्संचं घर पिठाच्या गिरणीसारखं दिसायचं. त्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. आरडाओरडा त्यांना जमत नसे, पुरावा गोळा करणं जमे. खिशात मावणारा छोटा कॅमेरा गॅलरीच्या खिडकीत ठेवलेला असायचा, लोट उठला की फोटो काढायच्या. ते छापून आम्ही दोघी कचेरीत गेलो. कुठल्या, ते विचारू नका, ज्याला त्याला आपापली आठवेल. प्रत्येक फोटोत आभाळात एकाच जागी करडा ठिपका होता. साहेबांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं. "अहो आजी, धूळ तुमच्या कॅमेऱ्यात आहे. बाहेर कुठे दिसतेय?" शेजारच्या टेबलावरचे हसले. मी उसळले, तर वन्संनी माझा दंड धरला. "माधवी, त्यांचं बरोबर आहे गं. डाग कॅमेऱ्यातलाच आहे."

दुरुस्तीवाल्याने तर कॅमेरा हातातही घेतला नाही. "सेन्सरवर धूळ बसलीय. याचं भिंग निघत नाही, अख्खा उघडावा लागेल. त्यापेक्षा नवीन घ्या." पण वन्सं कसल्या ऐकतात! कुठेतरी वाचून त्यांनी बिबवेवाडीच्या माझ्या घरून व्हॅक्यूम क्लीनर मागवला. नळीचं तोंड भिंगाला लावायचं, फटीभोवती रुमाल गुंडाळायचा आणि कॅमेरा चालू-बंद करत राहायचं, म्हणजे भिंग आत-बाहेर होतं आणि धूळ ओढली जाते. मी नळी धरली, त्या बटण दाबत बसल्या. धाप लागत होती, तरी थांबेनात. शेवटी आभाळाचा फोटो काढला, तर ठिपका गायब. "बघ, आता काय बोलतील?"

बोलले ना! नवे फोटो बघून साहेब म्हणाले, "वा, डाग गेला. म्हणजे धूळ कमी झाली की!" आणि आमचा अर्ज निकाली निघाला. वन्संना त्यानंतर जिने उतरणंच झेपेना.

आता चौकात फ्लेक्स लागलाय. 'भावपूर्ण श्रद्धांजली', वन्संचा हसरा फोटो, आणि खाली हात जोडून तोच बिल्डर. लाज कशी वाटत नाही मेल्याला!

काल त्यांच्या घरी आवराआवर करताना तो कॅमेरा उचलला आणि गॅलरीतून एक फोटो काढला. आभाळात ठिपका आलेला, एक नाही, दोन. बघत राहिले आणि तळपायाची आग मस्तकात गेली. अहो वन्सं, कशाला साफ केलात हो तो! भिंग आत-बाहेर होताना हवा ओढतं, ती याच गॅलरीतली ना? धूळ कॅमेऱ्यात आहे तर तिथे आली कुठून, एवढंच त्या माणसाला विचारायचं होतं. जन्मभर विज्ञान शिकवलंत, आणि त्याने नाक मुरडलं म्हणून अस्सल पुरावा आपल्याच हाताने पुसून टाकलात... आणि पुसताना नळी मी धरली होती.

सोमवारी मी जाणार आहे, डागासकट फोटो घेऊन. साहेब ठिपक्यावर बोट ठेवतील आणि म्हणतील, धूळ कॅमेऱ्यातच आहे. मी हो म्हणणार आहे. "कॅमेऱ्यातच आहे साहेब. माझ्या नणंदेच्या छातीतही होती. आता सांगा, आली कुठून?"