नळीतला नैवेद्य

चढ लागला की सायकल कण्हायची, आणि सायकल कण्हली की रावजी मयेकरांच्या घशाखाली घास उतरायचा नाही. समुद्रकाठच्या काळबादेवी गावातल्या घरात ते अंगणातून पडवीत आणि पडवीतून अंगणात येरझारा घालीत. बसले तर उठत, उठले तर सायकलीपाशी जात, नळीला कान लावीत, आणि पुन्हा फिरू लागत.

"अहो, बसा वायच," पत्नी मालन म्हणाल्या. "लग्नात माझ्याकडे एवढ्यांदा नाय बघितलात."

"तू कण्हत नव्हतीस."

"कण्हत होते. तुम्ही जहाजावर होता."

रावजींचे तारुण्य मालवाहू जहाजांवर खलाशी म्हणून गेले. देवाने देह घडवला तोही जगावेगळा: पाय लांब, धड आखूड. बाजारातल्या कोणत्याही सायकलीवर बसले की पाठ भरून यायची. मग एकदा जहाज दुरुस्तीसाठी जेनोआ बंदरात अडकून पडले, आणि तिथल्या एका गल्लीतल्या वृद्ध कारागिराने त्यांना भिंतीशी उभे केले. शिंपी सदऱ्याची घेतो तशी मापे घेतली. टाचेपासून गुडघा, खांद्यापासून मनगट. यांची भाषा त्याला कळेना, त्याची यांना. पण पोलादाच्या सडपातळ नळ्या कापल्या गेल्या, जोडल्या गेल्या, मेंढ्याच्या शिंगांसारखे वळलेले हँडल बसले, आणि शर्यतीची सायकल उभी राहिली. रावजी बसले मात्र, पाठ गप्प झाली! जणू जन्मभर शोधलेले आसन सापडले. सायकल जहाजावरून घरी आली, आणि रावजी निवृत्त झाल्यावर तर रोजची सकाळ तिचीच झाली. आरे-वारेचा रस्ता, डावीकडे समुद्र, खाली ती, वर हे.

आता ती कण्हत होती. अखेर रावजींनी तिला टेम्पोत निजवले आणि मिरकरवाड्यात नेले. तिथे हर्षद होड्यांची लोखंडी कामे वेल्डिंगने जोडून देई.

हर्षदने सीट काढली, पायडलचा आस उघडला, आणि तांबडा गाळ भळकन जमिनीवर सांडला. सीटखालच्या नळीचे खालचे टोक त्याच्या बोटाखाली पापडासारखे मोडले.

"काका, ही पावसात उभी असते काय?"

"पावसात मी उभा राहीन. ती नाही."

"मग आतनं कुजली कशी?"

रावजींनी नळीवर हात ठेवला. मग हळूच म्हणाले, "खंडेनवमीला पूजा करतो तिची. सीट काढतो, नारळ फोडतो, आणि पाणी नळीत घालतो."

"नळीत? दर वर्षी?"

"एक वर्ष चुकलं नाही. मी जहाजावर असलो तर मालन घालायची. वरनं शिंपडलेलं पुसून जातं रे. प्रसाद पोटात जायला नको?"

हर्षद आधी खो खो हसला. मग त्याने रावजींचा चेहरा पाहिला आणि हसू गिळले.

काय म्हणावे या प्रेमाला! समुद्राचा खारा वारा दाराशी आला, तो तेलाच्या फडक्याने परतवला. पावसाळा आला, तो गोधडीने अडवला. बाहेरचा वैरी बाहेरच राहिला. आणि आत शिरले ते स्वतःच्या ओंजळीतले पाणी, डोळे मिटून, हात जोडून घातलेले.

"ही नळी कापायला लागंल," हर्षद म्हणाला. "दुसरी घालून ब्रास वेल्डिंग करतो. पण आगीनं सांगाडा पिळवटतो, काका. माप हलंल. किती, ते बसल्यावर कळंल. नायतर भिंतीला टांगा. जन्मभर तशीच राहील."

रावजी सायकल तशीच परत घेऊन आले. टांगावी तर तिचे माप शाबूत, पण ती कायमची थांबलेली. कापावी तर ती धावेल, पण ती तीच असेल का? त्यांनी पडवीत खुंटी ठोकली, उपटली, पुन्हा ठोकली. जेवताना हात पानात आणि डोळे दारात.

"टांगायचीच तर मखर करू," मालन म्हणाल्या. "आरती करू दोन वेळ."

"थट्टा नको गो."

"थट्टा कसली? मखरात बसवली, की विसर्जन पण आलं." मग त्यांचा आवाज उतरला. "पाणी मी पण घातलंय हो तिच्यात. मला ती चालताना बघायची आहे."

रावजी उठले. खुंटी उपटली ती परत ठोकली नाही. सायकल पुन्हा हर्षदपाशी नेऊन त्यांनी दोन्ही हातांनी सांगाडा धरला आणि म्हणाले, "काप."

सायकल उभी राहिली ती नळीवर पितळेचे पिवळे कडे घेऊन. सकाळी रावजी आरे गावाच्या चढाला लागले. पायडल खाली गेले, वर आले. कण्हणे नाही. कान टवकारले, तरी नाही! डोळे भरून आले आणि ओठांवर नाम आले.

पण इतकी वर्षे गप्प असलेली पाठ मात्र बोलू लागली. सांगाडा हलला होता, केसभर, डावीकडे. रावजी सीटवर उजवीकडे सरकले. नाही. जरा मागे सरले. तरी नाही. हँडलवरची पकड बदलली, खांदा सैल सोडला, पुन्हा डावीकडे आले. चढाचा माथा आला, समोर वारे गावाचा किनारा उघडला. घराकडे वळायची जागा मागे पडली, तरी ते वळले नाहीत. चुळबुळत, सरकत, तिच्यावर बसायची नवी जागा शोधत पुढेच निघाले.