सहा इंचांची पायरी

मरणावर इतका कमी विश्वास असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि हा माणूस आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या कबरी खणत असे. उचगावच्या वाटेवर आमची दफनभूमी होती. फाटकाची किल्ली, कुदळ, फावडं आणि आतली सगळी माणसं अण्णांच्या ताब्यात. 'मेलेली' हा शब्द त्यांच्यापुढे काढायची सोय नव्हती. कुणी काढलाच, तर ते शांतपणे दुरुस्त करत, "निजल्यात."

अण्णांचं वर्ष उपासनेच्या सणांवर चाले. नाताळाआधीचा आगमनकाळ लागला की ते गवत काढून कबरींच्या दगडांना चुना लावत. धनी, म्हणजे प्रभू, कधी येईल याचा नेम नाही, असं कारण सांगत. नाताळात घरोघरी जायच्या आधी त्यांची पहिली फेरी दफनभूमीत होई. राखेच्या बुधवारपासून चाळीस दिवस निपाणीची तंबाखू बंद, आणि त्या चाळीस दिवसांत त्यांचा स्वभाव असा होई की आमच्यापैकी कुणाची त्या काळात मरायची छाती नसे. उत्तम शुक्रवारी कुदळीला हात लावायचा नाही. आणि पुनरुत्थानाच्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी फाटकाची दोन्ही दारं सताड उघडून त्यांना दगडांची अडण लावायची. मोकाट जनावरं आत शिरतात अशी तक्रार झाली, तेव्हा ते म्हणाले की ढोरं हाकलता येतात, पण सगळी एकदम उठली आणि दारात चेंगराचेंगरी झाली तर ती कोण निस्तरणार?

मी तेव्हा रस्त्याच्या कामांवर मोजणी कारकून होतो. मंडळीच्या पंचांत पाळकसाहेब, शाळेचे हेडमास्तर आणि मी असे तिघे. दफनभूमीतली जागा हिशेबापेक्षा लवकर संपत चालली होती, म्हणून एका वर्षी त्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात दुसऱ्या शनिवारी आम्ही तिघे टेप घेऊन गेलो. दुपारच्या दफनासाठी एक कबर खणून तयार होती. लांबी सात फूट हवी, ती साडेआठ भरली. खोली बरोबर सहा फूट. पण पायाकडच्या टोकाला, पेटीच्या जागेपलीकडे, दीड फूट रुंद आणि सहा इंच उंच अशी मातीची पायरी ठेवलेली. ही कशासाठी, असं मी विचारलं. उठताना पाय ठेवायला, असं उत्तर आलं. हेडमास्तर खोकले. मी म्हणालो, अण्णा, सहा इंच चढून वर साडेपाच फूट उरतात, त्यांचं काय?

"पयली पायरी आपुन करायची, भाऊसाब. वरलं त्या धन्याचं काम."

मी हिशेब मांडला. कबरीमागे दीड फूट, म्हणजे पाच कबरींमागे साडेसात फूट, म्हणजे एक अख्खी कबर बुडते. ठराव मीच लिहिला: यापुढे लांबी सात फूट, पायरी नाही, मान्य नसेल तर दुसरा माणूस पाहावा. तीस वर्षं कुदळ चालवलेल्या त्या माणसानं खाली अंगठा दिला.

उपवासकाळाच्या पाचव्या आठवड्यात माझी आई गेली.

दफनाच्या सकाळी मी टेप घेऊन कबरीवर गेलो. दुसऱ्या कुणाची असती तरी गेलो असतो. सात फूट, सहा फूट, तळ सपाट. बरोबर आहे, असं मी सांगितलं. "तुमच्या ठरावापरमानं," अण्णा म्हणाले आणि कुदळ पुसू लागले. मी टेप गुंडाळली, पण पाय निघेना. आईच्या दोन्ही गुडघ्यांत वात होता. घराचा उंबरा ओलांडायलाही तिला कुणाचा तरी हात लागे.

"अण्णा," मी म्हणालो, "सहा इंच तिला झेपणार नाहीत."

मला वाटलं, आता हा माणूस मला ठराव ऐकवणार. अण्णांनी पुसलेली कुदळ पुन्हा उचलली.

"मग दोन करू. तीन-तीन इंचाच्या."

आणि ते पुन्हा आत उतरले. मंडळी पाऊण तास ताटकळली. त्या कबरीची लांबी मी पुन्हा मोजली नाही. मंडळीच्या दफनांच्या नोंदवहीत तेवढा एकच रकाना कोरा आहे. ठराव मी त्याच आठवड्यात मागे घेतला. पाळकसाहेबांनी कारण विचारलं नाही.

पुनरुत्थानाच्या रविवारी पहाटे रिवाजाप्रमाणे मंडळी दफनभूमीत जमली. मी आईच्या डोक्याकडे उभा होतो. अण्णांनी दंडाला धरून मला पायाकडे आणलं. "हितं ऱ्हावा," ते हळूच म्हणाले. "आय उठली म्हंजे हात द्याय तुमी फुडं पायजे." हिंडलग्याच्या बाजूनं सूर्य वर आला आणि गीत सुरू झालं. आयुष्यभर मोजलेली जमीन प्रथमच मला एखाद्या बंद दारासारखी दिसली, आतून कुणी तरी उघडील असं.

अण्णा निजले त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. माझेही गुडघे कुरकुरतात. पण दर वर्षी त्या पहाटे मी अजून तिथेच उभा राहतो, आणि गीतांचं पुस्तक डाव्या हातात धरतो, उजवा मोकळा राहावा म्हणून.