टिपणीस आणि मोटारीचं मूळ कातडं

श्री. शशिकांत टिपणीस यांची माझी ओळख गाझियाबादच्या कारखान्यात झाली. ते मुख्य अभियंता म्हणून आले तेव्हा मी मालकांची सेक्रेटरी होते. मालकांची उघड्या टपाची, आठ सिलिंडरची अमेरिकन मोटार शेडमध्ये गंजत पडली होती. पुढे परदेशी भागीदार आले, काचेच्या ऑफिससाठी शेड पाडायचं ठरलं आणि मोटार भंगारात निघाली. "भंगारवाल्याऐवजी मला द्या," टिपणीस म्हणाले.

तेव्हापासून त्यांचे रविवार त्या मोटारीचे झाले. जो मूळ भाग दुरुस्त होईल तो बदलायचा नाही, हा त्यांचा नियम. सोसायटीत नव्या गाड्या येऊ लागल्या तशी शेजाऱ्यांची अक्कलही वाढली. "अंकल, जपानी इंजिन टाका ना, यार!" टिपणीस हसून सांगत, "मग गाडी पळेल हो, पण ती ही गाडी नसेल."

माणसांच्या बाबतीतही ते असेच. कॉम्प्युटर आले तेव्हा नव्या साहेबांनी आम्हा जुन्या बायकांना घरी बसवायचं ठरवलं होतं. टिपणिसांनी भर मीटिंगमध्ये विचारलं, "यांना शिकवून पाहिलंत का?" त्या एका प्रश्नामुळे मी कॉम्प्युटर शिकले आणि पुढे सन्मानाने निवृत्त झाले.

अशा माणसाच्या साठीला आपल्या मराठी मंडळाने काय करावं? त्यांच्या पत्नी मालतीवहिनींकडून गुपचूप किल्ली मागून घेतली, मोटार करोल बागेत सीटकव्हरवाल्याच्या दुकानात नेली आणि सीटांचं मूळ कातडं उतरवून लालभडक रेक्झिन चढवलं! साठीच्या मिरवणुकीत फोटो चांगले यावेत म्हणून!

मी मंडळाच्या कार्यवाहांना जाब विचारला. ते म्हणाले, "मॅडम, सरप्राइज गिफ्ट आहे! किती फाटकं दिसत होतं ते!"

"तुमचे वडीलही आता सुरकुतलेत. त्यांना कधी नेताय करोल बागेत?"

टिपणिसांनी मात्र कार्यवाहांचे आभार मानले. मग मला म्हणाले, "कामतबाई, चला जरा माझ्याबरोबर. कातडं अजून तिथेच असेल." दुकानदार म्हणाला, "बाबूजी, वो तो कबाड़ है." पोत्यांखालून बरंचसं मिळालं. मागच्या सीटची पाठ मात्र कापली गेली होती, तिचे तुकडे पुसायला वापरले होते. टिपणिसांनी तेही गोळा केले, झटकले आणि रुमालात बांधले. दुकानदाराला एक शब्द बोलले नाहीत. मी मात्र बरंच बोलले.

हे साठीच्या गौरव अंकात छापायला मंडळाला अवघड वाटत असेल, तर लेख परत पाठवावा. एक ओळही गाळू नये.

टिपणीस आता ते कातडं तेल लावून मऊ करताहेत, टाका टाका सांधताहेत. या कामाला वर्षं लागतील. तेवढी आणि त्यापुढची पुष्कळ वर्षं त्यांची नजर स्वच्छ राहो, बोटं न थरथरता चालोत. आणि त्यांचा गौरव करू पाहणाऱ्यांनी तोवर आपले हात खिशात ठेवावेत.