बिनखिळ्याचं टेबल

काल सुतारकाका सहज घरी आले. आमचं जेवणाचं सागवानी टेबल त्यांनीच केलेलं, एकही खिळा न मारता, नुसत्या सांध्यांवर उभं. कडेला आंब्याच्या पानांची नक्षी. ते ती कोरत असताना मी रोज समोर बसून बघायचे. आता त्यावर फुलाफुलांचं प्लास्टिक आहे.

चहा पिता पिता काकांचा हात प्लास्टिकखाली गेला आणि, सासरी भेटायला आलेल्या बापाचा हात लेकीच्या पाठीवरून फिरावा, तसा कडेवरून फिरू लागला. मध्येच थांबला. तिथे खिळा होता. मीच ठोकलेला, नेमका एका पानात.

"प्लास्टिक सरकत असेल," काका म्हणाले.

"हो ना, सारखं."

"मग ठोकायलाच हवा."

रागावले असते तर बरं झालं असतं. टेबल खराब होऊ नये म्हणूनच तर मी हे सगळं केलं होतं!

काका उठले तेव्हा कपाखाली चहाचं ओलं वर्तुळ उमटलं होतं. प्लास्टिकला त्याचं काय? पण त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि ते हलक्या हाताने पुसून घेतलं.